तळावरील दिव्याचा धनी : बारामती-इंदापूर भागातील वाहन-विजेचा इतिहास

आषाढी वारीसाठी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी गवळ्याची असे मुक्काम करीत बारामतीस येते. तेथून काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण, सणसरचा मुक्काम, बेलवाडीचे गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी असा तिचा क्रम आहे. सराटीस नीरास्नान झाले की ती सोलापूर जिल्ह्यात उतरते. ह्याच दोन तालुक्यांत दिवाळीच्या सुमारास दुसरे एक स्थलांतर येऊन पोहोचते. बीड व अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या टोळ्या कारखान्यांच्या आसपास व उसाच्या फडांलगत आपल्या कोप्या उभारतात आणि चार-पाच महिने तेथे राहतात. पहिला तळ एका रात्रीचा, दुसरा एका हंगामाचा. पहिला भक्तीचा, दुसरा पोटाचा. परंतु एका बाबतीत दोहोंचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. वीजमंडळाची तार पुष्कळदा डोक्यावरून गेलेली असते. तरीही तळावरचा दिवा लागतो, कर्णा वाजतो किंवा मोबाईल चार्ज होतो तो बहुधा तळ ज्या वाहनातून आला त्या वाहनाच्या विजेवर.

हा प्रकार अगदी अलीकडचा, मोबाईलबरोबर आलेला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. तिच्या मागे निदान पाऊण शतकाचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासाचे खरे महत्त्व तांत्रिक नसून सामाजिक आहे. तेलाचा उजेड वाटून घेता येत असे. वाहनाच्या विजेचा उजेड एका ठिकाणाहून निघतो आणि म्हणून त्याला धनी लागतो.

तेलाच्या काळापासून आरंभ करणे सोयीचे होईल. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज ह्यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला असे मानले जाते. त्या काळच्या तळावर उजेडाची जी साधने होती त्यांची नावे मराठीत अद्याप शिल्लक आहेत, आणि त्या नावांचे थर वाचता येतात. ‘दिवटी’ हा शब्द दीप आणि वर्ति ह्यांतून उतरलेला, घरचा. ‘मशाल’ अरबी. ‘हिलाल’ही अरबीच, मुळात त्याचा अर्थ चंद्रकोर, मराठीत मात्र तो पेटत्या पलित्याला लागला. ‘कंदील’ हा अरबीतून आला खरा, पण अरबीनेच तो ग्रीकमार्गे लॅटिनमधून घेतलेला आहे. साधनाबरोबर ते धरणाऱ्याचेही नाव भाषेत येते, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. दिवटी धरणारा तो दिवट्या, मशाल धरणारा मशालजी. सरदाराच्या लवाजम्यात त्यांना वेतन होते, देवस्थानांकडे त्यांना हक्क होते. तथापि सामान्य वारकऱ्याच्या राहुटीत किंवा पालात जी पणती वा चिमणी तेवत असे, तिच्यासाठी वेगळा माणूस लागत नसे. तेल आपापल्या पडशीत, वात आपल्या हातची. ज्याचे तेल संपले त्याने शेजाऱ्याकडून पळीभर मागावे, म्हणजे भागले. तेल मोजता येत होते, मागता येत होते आणि परत करता येत होते.

बैलगाडीच्या काळातही ही स्थिती फारशी पालटली नाही. रात्रीच्या वाटेला गाडीखाली आसाजवळ कंदील टांगलेला असे. गाडी सुटली की तोच कंदील काढून चुलीपाशी ठेवावयाचा. वाहनाचा दिवा हाच तळाचा दिवा होण्याची ही पहिली पायरी होय, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु बैल कंदिलाला तेल पुरवीत नव्हते. वाहन दिवा वाहून नेत होते एवढेच. दिव्याचा जीव वाहनात नव्हता.

मध्यंतरी गॅसबत्ती आली. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत तयार झालेला पेट्रोमॅक्स दिवा रॉकेलला हवेचा दाब देऊन त्याची वाफ करतो आणि ती वाफ जाळीदार मॅन्टलमध्ये जाळतो. कीर्तन, लग्नाची वरात, तमाशाचा फड, यात्रेतील दुकान ह्या सर्वांना ह्या दिव्याने रात्र खुली करून दिली. एका बत्तीत पन्नास माणसांना पुरेल एवढा उजेड, म्हणून ती कोणा एकाच्या चुलीपाशी राहिली नाही, मध्यभागी गेली. तिला हवा भरणे, मॅन्टल न फुटू देणे, पिन मारणे हे काम ज्याला जमे तो तळावरचा एक महत्त्वाचा माणूस ठरला. उजेडाचे केंद्रीकरण येथे सुरू झाले. तरी इंधन मात्र कोणत्याही गावच्या वाण्याकडे मिळत होते.

आता वाहनाच्या विजेकडे वळू. शिसे आणि गंधकाम्ल ह्यांची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्ताँ प्लाँते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केली. परंतु ती मोटारीत कायमची बसली ती दिव्यासाठी नव्हे. हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याचा धोका टाळण्यासाठी १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर बसविण्यात आला, आणि त्या एका क्षणिक परंतु प्रचंड मागणीसाठी मोठी बॅटरी आवश्यक झाली. आपल्याकडील चालक ह्या स्टार्टरला ‘सेल्फ’ म्हणतात. मूळ इंग्रजी सामासिक शब्दाचे उत्तरपद गळून पूर्वपद तेवढे उरले आणि ‘सेल्फ मारणे’ हा अस्सल मराठी वाक्प्रचार तयार झाला. इंजिन चालू झाले की डायनामो, आणि पुढे त्याच्या जागी आलेला अल्टरनेटर, बॅटरी पुन्हा भरून काढतो. म्हणजे वाहनातील बॅटरी ही घासून घासून वापरावयाची साठवण नव्हे. ती सकाळच्या एका झटक्यासाठी राखून ठेवलेली ठेव आहे. डिझेल इंजिनाला त्या झटक्यासाठी काही क्षण शेकडो अँपिअर लागतात. रात्रीचा दिवा आणि सकाळचा सेल्फ ह्यांचे भांडण येथूनच सुरू होते.

(‘बॅटरी’ ह्या शब्दाचा प्रवासही मनोरंजक आहे. मूळ अर्थ तोफांची रांग. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात विद्युत साठविणाऱ्या बरण्यांच्या रांगेला तो लावला. मराठीत ‘बत्ती’ शब्द दिव्याचा आणि तोफेला द्यावयाच्या पलित्याचाही. दोन वेगळ्या वंशांचे हे शब्द तोफेपाशी एकत्र यावेत आणि पुढे दिव्यापाशीही, हा निव्वळ योगायोग होय. त्यातून व्युत्पत्ती काढण्याचा मोह कोणी करू नये.)

वाहनाच्या बॅटरीवर चाललेले पहिले बिगर-वाहन यंत्र ह्या भागात कोणते असावे? उजेडाचे नव्हे, आवाजाचे. नळ्यांच्या रेडिओला व अ‍ॅम्प्लिफायरला दोन-तीनशे व्होल्टचा दाब लागत असे. बॅटरी सहा किंवा बारा व्होल्टची. मधली दरी भरून काढण्यासाठी व्हायब्रेटर नावाची कंप पावणारी कळ वापरीत. ती सरळ प्रवाहाचे तुकडे पाडून तो रोहित्रातून चढवीत असे. आज इन्व्हर्टर म्हणून जे खोके विकले जाते त्याचा हा पूर्वज होय. पुढे ट्रान्झिस्टरने हा सर्व खटाटोप अनावश्यक केला, आणि बारा व्होल्टवर थेट चालणारे अ‍ॅम्प्लिफायर आले. निवडणुकीच्या जीपवरील कर्णा, यात्रेच्या तंबूतील गाणी आणि पालखीतळावरील कीर्तन ह्या तिहींना एकच यंत्र पुरू लागले. कीर्तनकाराचा आवाज पूर्वी जेथपर्यंत पोहोचे तेथपर्यंतच श्रोते बसत. आता बॅटरी जेथपर्यंत टिके तेथपर्यंत कीर्तन. टिपेला गेलेला आवाज मधेच खोल जाऊ लागला की श्रोत्यांना बॅटरी ‘उतरली’ हे कळत असे. ज्वर उतरतो, नशा उतरते, तशी बॅटरी उतरते. ‘संपते’ असे म्हणण्याची पद्धत मागाहूनची.

ह्या भागात वाहनांची गर्दी का झाली हे सांगितल्याखेरीज पुढील भाग नीट समजणार नाही. दुष्काळी समजल्या जाणाऱ्या ह्या पट्ट्यात नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, आणि भाटघरचे मोठे धरण १९२८ मध्ये पुरे झाल्यावर त्याचे पाणी भरवशाचे झाले. उसाचे क्षेत्र वाढले. वालचंद हिराचंद ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभारला. त्या वसाहतीस वालचंदनगर हे नाव पडले. नंतर माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथे सहकारी कारखाने आले. उसाबरोबर पंप आले, पंपाबरोबर तार आली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या ग्रामीण विद्युतीकरणात शेतीपंपाला मोठे स्थान मिळाले. उसाबरोबर बैलगाड्या, ट्रक आणि शेवटी ट्रॅक्टरही आले. म्हणजे ज्या पिकाने तार आणली त्याच पिकाने चाकावरची बॅटरीही आणली. मात्र पंपाची तार विहिरीपर्यंत जाते, कोपीपर्यंत जात नाही; आणि शेतीपंपांचा पुरवठा अनेक वर्षे दिवसा आठ किंवा रात्री दहा तास असा पाळीपाळीने होत राहिला. तेव्हा तारेखाली राहणाऱ्याच्या घरी अंधार असणे हे विसंगत दिसले तरी त्याची कारणे स्पष्ट आहेत.

बॅटरीवरचा दूरदर्शनसंच हा ह्या इतिहासातील एक थोडक्या काळाचा परंतु लोकांच्या आठवणीत घर करून राहिलेला अध्याय. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ आणि १९८८ च्या ऑक्टोबरात ‘महाभारत’ ही मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी वीज जाईल ह्या धास्तीने देशभर गावोगाव चौदा इंची काळ्या-पांढऱ्या संचाला ट्रॅक्टरची किंवा मोटारीची बॅटरी जोडण्याची युक्ती रूढ झाली. त्या संचांना मागील बाजूस बारा व्होल्टचे छिद्रच ठेवलेले असे. वाहन अंगणात उभे करून दोन चिमटे लावले की सारी आळी ओसरीवर. बॅटरी ज्याची त्याची ओसरी, हे मात्र ठरलेले.

दिंड्यांत बैलगाडीची जागा ट्रकने घेतली हा बदल हळूहळू झाला. त्याला एक साल देणे इतिहासाला धरून होणार नाही. आज रथापुढील वा रथामागील क्रमांक मिळालेल्या बहुतेक दिंड्यांबरोबर सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर आणि पुष्कळदा जनरेटर असतो. वारकरी पायी चालतात, वाहन पुढे जाऊन तळावर राहुट्या ठोकते, आणि दिंडी पोहोचते तेव्हा भात शिजत असतो व दिवे लागलेले असतात. जनरेटर नसेल तेथे ट्रकच्या बॅटरीवर इन्व्हर्टर बसवून दोनशे तीस व्होल्टचा प्रवाह काढतात. येथे एक चूक वारंवार होते. मोठ्या ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. बारा व्होल्टचे दिवे लावावयाचे म्हणून दोहोंपैकी एकीलाच तार जोडली, तर ती रिकामी होत जाते. सकाळी अल्टरनेटर मात्र दोघींना एकाच प्रवाहाने भरतो. परिणामी एक उपाशी राहते आणि दुसरीचे पाणी उकळून जाते. थोड्या मुक्कामांत दोन्ही निकामी. चालक त्याचा दोष कंपनीला देतात, व्यवस्थापक चालकाला देतात. दोष जोडणीचा असतो.

परंतु वारी ही वीस दिवसांची गोष्ट आहे आणि तिथल्या अंधाराला कीर्तनाची सोबत असते. ऊसतोडीच्या तळावरचा प्रश्न अधिक टोकाचा. टोळ्यांचे प्रकार वाहनावरून ओळखले जातात : बैलगाडीवाल्यांचे गाडी सेंटर, रबरी चाकांच्या गाड्यांचे टायर सेंटर, आणि मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढविणाऱ्यांचे डोकी सेंटर. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, उचल कोयत्यावर मिळते. गाडी सेंटरचा माणूस बैलांचा धनी किंवा भाडेकरी असतो, परंतु बैलांतून वीज निघत नाही. डोकी सेंटरच्या तळावर वीज असते, परंतु ती ट्रॅक्टरमालकाची. घरी ठेवलेल्या मुलांशी आणि म्हाताऱ्यांशी बोलण्याचे एकमेव साधन मोबाईल. पहाटे अंधारात फडाकडे जाताना, आडोशाला जाणाऱ्या बाईला उजेड तोही मोबाईलचाच. तो चार्ज झाला की नाही हा चैनीचा प्रश्न उरत नाही.

सकाळी ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही तेव्हा तळावर पहिला आरोप होतो तो रात्री लावलेल्या मोबाईलांवर. त्याची शहानिशा साध्या गणिताने होऊ शकते. ट्रॅक्टरची बॅटरी साधारण बारा व्होल्ट आणि अठ्ठ्याऐंशी अँपिअर-तासांची धरावी. आजच्या मोबाईलच्या पाच हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास मावतात. वाटेतील गळती धरून २५. म्हणजे एका मोबाईलला ट्रॅक्टरच्या बॅटरीतून जेमतेम दोन अँपिअर-तास, आणि दहा मोबाईलना वीस. नऊ वॉटचा एलईडी दिवा पाच तास ठेवला तर चार अँपिअर-तासांहून कमी. ह्याउलट ट्रॅक्टरवर जो टेप आणि मोठाले स्पीकर बसविलेले असतात, ज्यांचा आवाज गळीत हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर दोन ट्रॉल्यांच्या आधी पोहोचतो, तो शंभर वॉटचा धरला तरी उभ्या इंजिनावर चार तासांत तेहतीस अँपिअर-तास खातो. एकट्या टेपचा खप दहा बिऱ्हाडांच्या मोबाईलांहून दीडपटीहून अधिक. सर्व मिळून सत्तावन. बॅटरी निम्म्याहून अधिक उतरली की जुनी असल्यास सेल्फ फिरत नाही, आणि वारंवार तशी उतरविल्यास नवीही लवकर जुनी होते. तेव्हा मोबाईल निर्दोष नाहीत, परंतु मुख्य आरोपी ते नव्हेत. टेप चालकाचा आहे, म्हणून त्याचे नाव घेतले जात नाही इतकेच.

हा वाद क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला नाही तर त्याचे वजन व साखर दोन्ही उतरू लागतात. आणि मजुरी टनावर असते. ट्रॅक्टर चालू व्हावयास उशीर झाला, खेप चुकली, तर कारखान्याच्या काट्यावर जे कमी भरते ते अखेर कोयत्याच्या खात्यात कमी पडते. दुसऱ्या सकाळी मोबाईल लावू न देण्याचा हुकूम सुटतो तो ह्या हिशेबावर. पणतीच्या काळी शेजारणीकडे पळीभर तेल मागण्यात कोणाचा हुकूम आड येत नव्हता. मजुरीचा व्यवहार मुकादमाच्या हाती असतोच. उजेडाचा व्यवहारही वाहनवाल्याच्या हाती जातो, हा वाहन-विजेने केलेला खरा बदल होय. हे चित्र सर्वत्र असेच आहे असे नाही. पुष्कळ चालक स्वतः त्याच गावचे, टोळीतल्या कोणाचे भाऊ वा मेहुणे असतात, आणि तेथे चार्जिंगची पाळी आपसांत ठरते. परंतु पाळी ठरवावी लागते, ह्यातच सर्व आले.

परदेशी ह्या विषयाचा विचार वेगळ्या अंगाने झालेला दिसतो. जपानात २०११ च्या भूकंपानंतर विजेवर चालणाऱ्या मोटारीतून घराला वीज देण्याची यंत्रणा २०१२ मध्ये बाजारात आली. अमेरिकेत सामन्यापूर्वी मैदानाबाहेर गाड्या उभ्या करून खाणेपिणे करणाऱ्यांसाठी व सहलकऱ्यांसाठी मालवाहू गाडीतच घरगुती छिद्रे बसविली जातात, आणि २०२२ च्या एका विजेवरील मॉडेलची क्षमता ९.६ किलोवॉट होती. तेथे वाहन आणि बिऱ्हाड ह्यांचा धनी एकच असतो. म्हणून येथला प्रश्न तेथे उद्भवत नाही आणि तेथील उत्तरे येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी उलट दिशेने घडत आहेत. एलईडीमुळे दिव्याची भूक कमालीची घटली; चाळीस वॉटची नळी चोक व इन्व्हर्टरसह एका रात्रीत जेवढी वीज घेई तेवढ्यात आता सहा-सात बिऱ्हाडे उजळतात. दुसरे म्हणजे सौरकंदील आणि पॉवर बँक. ह्या वस्तू लहान आहेत, परंतु त्यांनी विजेला पुन्हा तेलासारखे केले आहे : ती खिशात ठेवता येते, मोजता येते, शेजाऱ्याला तासभर देता येते. पालखीबरोबर चालणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्यांच्या पडशीतही आज ती सापडते. २०२० आणि २०२१ ह्या दोन्ही वर्षी महासाथीमुळे पादुका एस.टी.ने पंढरपुरास नेल्या गेल्या आणि वाटेवरचे तळ भरले नाहीत. २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली.

भाषेने ह्या सर्व उलथापालथीत एक जुने क्रियापद सोडलेले नाही. तिन्हीसांजेला दिवा ‘लावतात’. तो पेटविणे वेगळे. पणती लावली, कंदील लावला, गॅसबत्ती लावली, ट्यूब लावली. विझविणे हा शब्द अशुभ म्हणून दिवा मालवावयाचा किंवा शांत करावयाचा. हा संकोच विजेच्या दिव्याने घालविला, तो नुसता ‘बंद’ होतो. परंतु लावणे राहिले. निमगाव केतकीच्या तळावर संध्याकाळी राहुटीतून ‘लावलास का?’ असा प्रश्न ऐकू आला, तर तो देवापुढच्या दिव्याविषयी आहे की ट्रकपाशी ठेवलेल्या मोबाईलविषयी, हे बाहेरच्या माणसास सांगता येणार नाही. विचारणाऱ्या आजीस आणि उत्तर देणाऱ्या नातवास ते बिनचूक कळते.